बोल्ट आवळून गिअरबॉक्स ओढू नका

या वेळच्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयाची निघाली: एका जुन्या गाडीचं इंजिन, गिअरबॉक्स किंवा अ‍ॅक्सल काढून दुसरीत बसवणं. म्हणून सदराची सगळी जागा त्यालाच दिली आहे. मी सव्वीस वर्षं गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (अ‍ॅक्सलमधला, दोन्ही चाकांना फिरवणारा गिअरांचा संच) उघडते आहे. इंजिन टांगून चेसिसवर ठेवणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग असतो. काम अडतं ते जोडांवर. क्रँकला (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) फ्लायव्हील हे जड चाक लागतं तिथे, गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लचप्लेटमध्ये शिरतो तिथे, अ‍ॅक्सलकडे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट तिथल्या पिनियनला, म्हणजे लहान गिअरला, मिळतो तिथे. त्यामुळे खालच्या उत्तरांत मी तुम्हाला पुन्हा पुन्हा मोजायला लावणार आहे.

प्रश्न: ताई, माझ्याकडे विलीज सीजे-३बी जीप आहे. मूळ पेट्रोल इंजिनाचा ब्लॉक तडकला आहे. एका व्हॅनचं दोन लिटरचं डिझेल इंजिन चांगल्या अवस्थेत मिळतंय. टेप लावून पाहिली, चेसिसमध्ये बसतं. घेऊ का?

टेप नेमकी कुठे लावलीत ते लिहिलं नाहीत. लांबी-रुंदी पाहिली असेल तर आता उंची पाहा, आणि तीही वरून नव्हे, खालून. या जीपला पुढेही अ‍ॅक्सल आहे. खड्ड्यात पाटे पूर्ण दबले की तो वर येतो आणि थेट इंजिनाच्या सम्पखाली (तळाच्या तेलाच्या भांड्याखाली) पोचतो. व्हॅनच्या सम्पचं पोट पुढे आहे की मागे, यावर तुमचा निम्मा निर्णय ठरेल. पाट्यांवरचे रबरी बंपर अ‍ॅक्सलला टेकेपर्यंत जॅकने अ‍ॅक्सल वर उचला आणि मग अंतर मोजा. उभ्या गाडीवर घेतलेलं माप इथे काही कामाचं नाही.

वरच्या बाजूची काळजी तुमच्या जीपने आधीच मिटवली आहे. १९५३ साली हे मॉडेल निघालं तेव्हा कंपनीने स्वतःच इंजिन बदललं होतं. आधीच्या इंजिनात सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये होते. नव्या हरिकेन इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये गेले, इंजिन उंच झालं आणि बॉनेट वर चढवावं लागलं. सीजे-३बीचं ते उंच कपाळ त्या बदलाचंच आहे. इंजिन बदललं की त्याच्या आजूबाजूचंही बदलावं लागतं, कारखान्यालाही ते चुकलं नाही.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या दोन्ही अ‍ॅक्सलचा रेशो ५.३८ आहे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ५.३८ फेरे. क्राउनला (पिनियनने फिरणारा मोठा गिअर) ४३ दाते, पिनियनला ८. मूळ गिअरबॉक्स तीन गिअरचा आणि टॉप गिअर सरळ, म्हणजे इंजिनाचा एक फेरा तो शाफ्टचा एक फेरा. सोळा इंची रिमवरच्या मूळ मापाच्या टायरचा घेर साधारण २.२ मीटर धरा. ताशी ८० किलोमीटरला चाक मिनिटाला ६०६ फेरे घेतं. त्याला ५.३८ने गुणा, इंजिन ३,२६० फेऱ्यांवर. तुमचं डिझेल ४,००० फेऱ्यांवर थांबणारं असेल तर ९८च्या पुढे गाडी जाणारच नाही, आणि ८०ला ते सतत ओरडत राहील. डिझेलची ओढ २,००० फेऱ्यांच्या आसपास असते. ८०ला चालवताना नेमकी ती जागा तुम्हाला मिळणार नाही.

यावर दोन मार्ग आहेत. एक, क्राउन-पिनियन बदलायचे. पण गाडी चारही चाकांवर चालणारी आहे, म्हणून पुढचे आणि मागचे दोन्ही बदलायचे, आणि तेही सारख्याच रेशोचे. ४.१० आणि ४.११ एवढा फरक चालून जातो. ४.८८ आणि ५.३८ असे दोन अ‍ॅक्सल एकत्र आले, की कोरड्या रस्त्यावर फोर व्हील ड्राइव्ह लावताच ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला ताकद वाटणारी पेटी) आणि शाफ्ट एकमेकांना पिळत बसतात. दुसरा मार्ग व्हॅनचाच पाच गिअरचा बॉक्स घेण्याचा. पाचवा ०.८५चा असेल तर त्याच ८०ला इंजिन २,७७० फेऱ्यांवर येतं. मी हाच मार्ग धरला असता. अडचण एकच आहे: तुमची ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सच्या पाठीला थेट चिकटलेली असते आणि तिचा गिअर गिअरबॉक्सच्याच शाफ्टवर बसतो. म्हणजे मधल्या तुकड्याचं काम चांगल्या टर्नरकडून करून घ्यावं लागेल. सुझुकीच्या जुन्या एसजे जीपमध्ये ट्रान्स्फर केस वेगळी, मागे टांगलेली असते आणि मध्ये आखूड शाफ्ट असतो. त्यामुळे त्या गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्स बदलणं कितीतरी सोपं जातं.

आणखी एक. जाता जाता मागचा अ‍ॅक्सलही दुसऱ्या गाडीचा घालावा असा मोह होईल, तो आवरा. तुमच्या ट्रान्स्फर केसचा मागचा शाफ्ट गाडीच्या मध्यावरून निघत नाही, एका बाजूने निघतो. म्हणूनच अ‍ॅक्सलचा गोळाही त्याच बाजूला सरकवलेला आहे. मध्यावर गोळा असलेला अ‍ॅक्सल आणलात तर शाफ्ट तिरका धावेल.

रेशो ओळखायला हाउसिंग उघडायची गरज नसते. एकच मागचं चाक जॅकवर घ्या, दुसरं जमिनीवर अडवून ठेवा, गिअर न्यूट्रल. टायरवर आणि प्रॉपेलर शाफ्टवर खडूने खूण करा. चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. आलेला आकडा हाच रेशो. दोन का, तर एक चाक अडलेलं असताना डिफरन्शियल दुसऱ्याला दुप्पट पळवतं. भंगारातला अ‍ॅक्सल विकत घेताना खडू खिशात असू द्या.

प्रश्न: माझ्या १९६५च्या एमजीबीच्या पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअर खरखर न होता पडावा यासाठीची सोय) नाही. नंतरच्या मॉडेलचा चारही गिअरना सिंक्रो असलेला बॉक्स मिळाला. इंजिन बाहेर काढून दोन्ही जोडतोय, पण शेवटचं बारा मिलिमीटर अंतर मिटत नाही. लांब बोल्ट घालून आवळत आवळत ओढू का?

नाही. हातातला पान्हा खाली ठेवा आणि मगच पुढचं वाचा.

मी हे एकदा केलं आहे. गाडी वेगळी होती, अंतर जवळपास एवढंच होतं. संध्याकाळ झाली होती आणि गाडी दुसऱ्या दिवशी द्यायची होती. चार कोपऱ्यांना चार लांब बोल्ट घातले आणि एकेक फेरा आवळत गेले. सहा मिलिमीटर अंतर कमी झालं, तेव्हा मला बरंच वाटलं. मग वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला आणि बेल हाउसिंगचा (क्लचभोवतीचं कवच) खालचा कान बोल्टसकट माझ्या हातात आला. अ‍ॅल्युमिनियमची ती कड दाणेदार, चमकणारी. अजून डोळ्यांसमोर आहे. सगळं सोडवल्यावर कळलं की शाफ्टचं टोक क्रँकमधल्या बुशापेक्षा जाड होतं. मी शाफ्ट नव्हते ओढत, अख्खा क्रँक पुढे ढकलत होते. क्रँकला पुढे-मागे सरकू न देणारे थ्रस्ट वायसर चिरडले गेले होते. इंजिन पुन्हा उघडावं लागलं.

गिअरबॉक्स शेवटच्या अंतरात हाताच्या जोराने आत गेला पाहिजे. नाही गेला तर तो काहीतरी सांगतोय. तुमच्या बाबतीत काय सांगत असेल ते बघू. नंतरचा बॉक्स १९६७च्या मार्क टू मॉडेलपासून आला. त्याच्यासाठी इंजिनाची मागची प्लेट वेगळी आहे आणि फ्लायव्हीलही वेगळं आहे. जुन्या प्लेटवर आणि जुन्या फ्लायव्हीलवर नवा बॉक्स जोडत असाल तर अंतर राहणारच. हे दोन्ही त्याच मॉडेलचे मिळवा. तुमच्या गाडीत पाच बेअरिंगचा क्रँक आहे, १९६४च्या शेवटी आला तो, ही जमेची बाजू. त्याआधीच्या तीन बेअरिंगच्या इंजिनावर हे काम आणखी किचकट झालं असतं. आणि दुसरी गोष्ट आताच ऐकून ठेवा: मार्क टूच्या वेळी बॉक्स मोठा झाला म्हणून गाडीच्या मधला पत्र्याचा बोगदाही बदलला होता. तुमचा बोगदा जुना, अरुंद आहे. जोडलेलं सगळं धूड वर उचलण्याआधी तिथलं माप घ्या, नाहीतर शेवटच्या दिवशी पत्रा कापायची वेळ येईल.

ज्यांचा बॉक्स आणि इंजिन दोन वेगळ्या कंपन्यांचे आहेत आणि मध्ये खास बनवलेली प्लेट आहे, त्यांनी चार मापं लिहून काढावीत. शाफ्टचे दाते किती. त्यांचा व्यास किती. पुढचं टोक किती जाड. बेल हाउसिंगच्या तोंडापासून ते टोक किती पुढे येतं. क्लचप्लेटचे दाते गिअरबॉक्सचे हवेत आणि प्रेशरप्लेट फ्लायव्हीलला लागणारी हवी, हा साधा हिशेब. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मध्य. डायल गेज चुंबकाने फ्लायव्हीलवर बसवा, काटा बेल हाउसिंगच्या मधल्या भोकाच्या कडेला टेकवा आणि क्रँक हाताने पूर्ण फेरा फिरवा. काटा ०.१३ मिलिमीटरहून जास्त हलला तर प्लेट मध्यावर नाही. ०.१३ म्हणजे जेमतेम एका जाड कागदाएवढं. तेवढं चुकलं तरी गाडी चालते, आणि मग काही महिन्यांनी क्लचप्लेटचा मधला हब तुटतो किंवा पुढचं बेअरिंग रडायला लागतं. लोक बेअरिंग बदलत राहतात. दोष प्लेटमध्ये असतो. मध्य थोडा बाजूला सरकवलेल्या डॉवेल पिना (दोन भागांची जागा पक्की करणाऱ्या खुंट्या) मिळतात, त्यांनी तो सुधारता येतो. हे अर्ध्या तासाचं काम आहे आणि ते केल्याशिवाय मी आता एकही बॉक्स चढवत नाही.

प्रश्न: मागचा अ‍ॅक्सल बदलला. नवा जास्त मजबूत आहे, पाट्यांच्या बैठका मीच वेल्डिंग केल्या. आता ताशी ७०च्या पुढे अख्खी गाडी हादरते. चाकं बॅलन्स केली, शाफ्टही बॅलन्स करून आणला. फरक नाही.

शाफ्ट निर्दोष असणार. कोन चुकला आहे. क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या टोकाचा सांधा, तिरका फिरतो तेव्हा शाफ्ट एका फेऱ्यात दोनदा पुढे धावतो आणि दोनदा रेंगाळतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस बरोबर तेवढ्याच कोनात, उलट बाजूने असेल तर तो ही धावपळ खोडून काढतो आणि पिनियन शांत फिरतो. म्हणून गिअरबॉक्सचा मागचा शाफ्ट आणि अ‍ॅक्सलचा पिनियन एकमेकांना समांतर हवेत. दोघांचे कोन मोजा, गाडी चाकांवर उभी असताना, घोडीवर नाही. तुम्ही बैठका जोडताना अ‍ॅक्सल बहुधा रिकामा लोंबत होता किंवा पिनियन डोळ्यांना बरा दिसेल असा वर उचललात. बहुतेक जण तसंच करतात, शाफ्ट सरळ दिसतो म्हणून. एक कोन शून्याच्या जवळ आणि दुसरा सहा अंश, अशी जोडी हादरणारच.

पाटा आणि बैठक यांच्यात बसवायच्या धातूच्या निमुळत्या पाचरी मिळतात, दोन-तीन अंशांचा फरक त्यांनी निघतो. त्याहून जास्त असेल तर बैठका कापून पुन्हा जोडाव्या लागतील. तसं करताना आधी नुसते टाके द्या, गाडी चाकांवर उतरवा, सगळं वजन चढवा, कोन पाहा, मगच पूर्ण वेल्डिंग. तेही एका दमात नको. एका बाजूला दोन सेंटिमीटर, मग दुसऱ्या बाजूला, मध्ये गार होऊ द्या. एका जागी उष्णता साचली की अ‍ॅक्सलची नळी वाकते, मग टायर आणि बेअरिंग झिजत राहतात आणि कारण सापडत नाही. पिनियन एक-दोन अंश खाली ठेवलेला चांगला, कारण जोर लागला की पाटे पिळतात आणि पिनियनचं नाक वर उठतं. शाफ्टच्या दोन टोकांचे कान एका रेषेत आहेत का तेही बघा. मधला सरकता तुकडा काढून परत घालताना एक दाता चुकला तरी असंच हादरतं.

हे करत असताना ब्रेक विसरू नका. नव्या अ‍ॅक्सलच्या व्हील सिलिंडरचा व्यास जुन्याहून मोठा असेल तर पेडल खोल जातं आणि मागची चाकं आधी लॉक होतात. ओल्या रस्त्यावर गाडी फिरून आडवी होते. हे हादऱ्यापेक्षा जास्त गंभीर आहे. मोकळ्या मैदानात, कमी वेगात तपासल्याशिवाय रस्त्यावर नेऊ नका.

प्रश्न: शेव्हरोलेचं ३५० घन इंची इंजिन काढून ४०० घातलं. जुन्याचंच फ्लायव्हील आणि क्रँकच्या पुढच्या टोकावरचा, कंपन शोषणारा डँपर वापरला, दोन्ही नीट बसले. पण इंजिन जागेवरच थरथरतं.

दोन्ही स्मॉल ब्लॉकच, म्हणजे शेव्हरोलेच्या व्ही-८ इंजिनांचं १९५५पासूनचं तेच घराणं, म्हणून सगळं एकमेकांना लागतं. पण ४००चा क्रँक एकटा तोललेला नसतो. त्याच्या तोलाचं उरलेलं वजन फ्लायव्हीलवर आणि डँपरवर दिलेलं असतं. ४००चेच दोन्ही भाग लावा. तोवर इंजिन चालू करू नका, मेन बेअरिंगला मार बसतो. आणि १९८६ किंवा नंतरचं इंजिन घेणार असाल तर त्याच्या क्रँकच्या मागच्या बोल्टांचं वर्तुळच लहान आहे, जुनं फ्लायव्हील लागणारच नाही.

प्रश्न: बीटलचा गिअरबॉक्स वापरून मधे इंजिन असलेली बग्गी बनवतोय. इंजिन बॉक्सच्या पुढे येईल. काही वेगळं करावं लागेल?

हो, क्राउनची बाजू बदलावी लागेल. बीटलमध्ये इंजिन मागे असतं. बॉक्स उलटा फिरवून इंजिन पुढे आणलंत की चार गिअर रिव्हर्स आणि एक फॉरवर्ड अशी गाडी तयार होते. बॉक्सला दोन्ही बाजूंना झाकणं असतील तर क्राउन दुसऱ्या बाजूला नेता येतो. पण नेल्यावर शिम (पातळ चकत्या) नव्याने लावून दात्यांमधली मोकळीक पुन्हा मोजावीच लागते.

प्रश्न: माझ्या १.६ लिटरच्या पहिल्या माझदा एमएक्स-५मध्ये १.८चं इंजिन आणि गिअरबॉक्स घातला. डिफरन्शियल जुनंच ठेवलं तर चालेल?

सावकाश चालवलंत तर चालेल. पण १.६चा क्राउन सहा इंची आहे, आणि १९९४ला १.८ आलं तेव्हा माझदाने तो सात इंची केला, तो उगाच नव्हे. १.८चं डिफरन्शियल घ्याल तेव्हा त्याचे दोन्ही हाफ शाफ्ट आणि प्रॉपेलर शाफ्ट सोबतच घ्या, जुने त्याला लागत नाहीत. रेशोही ४.३०वरून ४.१०वर येईल, मोठ्या इंजिनाला तो मानवतो.

प्रश्न: ज्या गाडीतून इंजिन आणि गिअरबॉक्स काढला तिचा सांगाडा अंगणात पडून आहे. घरचे कटकट करतात. भंगारात देऊ?

तुमची गाडी स्वतःच्या ताकदीने पाचशे किलोमीटर चालेपर्यंत देऊ नका. घरच्यांना माझं नाव सांगा. त्या सांगाड्यात अजून तुम्हाला हव्या असलेल्या वीस गोष्टी आहेत, फक्त तुम्हाला त्या आज माहीत नाहीत. क्लच केबलचा ब्रॅकेट. गिअरबॉक्सखालचा आडवा पूल. स्पीडोमीटरचा प्लॅस्टिकचा छोटा गिअर. डॉवेल पिना, ज्या नेहमी जुन्या ब्लॉकमध्येच राहून जातात आणि ज्यांच्याविना बॉक्स मध्यावर बसत नाही. इंजिनापासून इंधनाच्या टाकीपर्यंतची परतीची नळी. कार्ब्युरेटरच्या गाडीत इंजेक्शनचं इंजिन घालणाऱ्यांना ती नळी आणि टाकीतला पंप दोन्ही लागतात, कारण इंजेक्शनला साधारण तीन बार दाब लागतो आणि कार्ब्युरेटरच्या जुन्या पंपाला अर्धा बारही जमत नाही. मूळ फाउंडेशनच्या (इंजिन टेकतं त्या बैठकांच्या) जागा मोजायला ओळंबा सोडाल, तो त्या सांगाड्यातच सोडायचा आहे. सुटा भाग हातात घेऊन तो आधी कसा टांगलेला होता हे आठवत नाही. आणि नोंदणीसाठी इंजिन नंबरचे कागद लागतील, ते सांगाडा देण्याआधी हातात असू द्या.

प्रश्न: इंजिन बदललं, सगळं जोडलं. पहिल्यांदा स्टार्टर मारला तर तो जेमतेम फिरला आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून धूर आला! वायरिंग तर कुठेच केबलजवळ नाही.

इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थची पट्टी लावायची राहिली आहे. इंजिन रबरी फाउंडेशनवर बसतं, म्हणजे विजेच्या दृष्टीने ते बॉडीपासून तुटलेलं असतं. स्टार्टरला दीडशे-दोनशे अँपिअर लागतात आणि तो प्रवाह बॅटरीकडे परत जायला वाट शोधतो. तुमच्या गाडीत त्याला अ‍ॅक्सिलरेटरची बारीक पोलादी तार सापडली. काही गाड्यांत क्लचची केबल सापडते.

बॅटरीच्या मुख्य केबलइतकी जाड पट्टी घ्या. एक टोक ब्लॉकला, दुसरं चेसिसला, आणि दोन्ही जागांचा रंग कानशीने पार धातू चमकेपर्यंत काढा. मग मीटरचं एक टोक ब्लॉकवर, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर धरून स्टार्टर मारायला सांगा. काटा ०.२ व्होल्टच्या आत राहिला की जोड चांगला.

आणि जळालेली ती केबल वरून बरी दिसत असली तरी परत बसवू नका. आतलं प्लॅस्टिकचं अस्तर वितळून तारेला चिकटलेलं असतं. ती थंड असताना सरकते, इंजिन तापल्यावर अडकते, आणि पाय उचलला तरी अ‍ॅक्सिलरेटर दाबलेलाच राहतो. नवी घाला, मगच गाडी रस्त्यावर काढा.